मर्ना टॅट्रोने शाळापट्टी समजावून सांगितली

कल्पना करा, मार्चचा पहिला मंगळवार आहे. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत गावाच्या सभागृहात वार्षिक सभेसाठी घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर अख्खं गाव बसलंय. बायका विणकाम घेऊन आल्यात. पुरुषांनी अंगातले लोकरीचे कोट अजून काढलेले नाहीत, कारण हीटर नुसताच आवाज करतो. स्वयंपाकघरातून राजमा आणि हॅमचा वास येतोय. आणि तुम्हाला उभं राहून या लोकांना समजावून सांगायचंय, की शाळेने यंदा गेल्या वर्षीपेक्षा कमी खर्च केला, तरी त्यांची घरपट्टी का वाढली.

हे खरं आहे, खोटं नाही. ते खरं कसं, एवढंच सांगायचंय. ऐकणाऱ्यांत तुमचा नवरा आहे. कुंपणावरून ज्याच्याशी तुमचा अबोला आहे, तोही आहे. तुम्ही लहान असताना ज्याने तुम्हाला बर्फावर घसरायला शिकवलं तो म्हातारा पहिल्या रांगेत कानाला हात लावून बसलाय. पट्टीचा कागद सगळ्यांच्या खिशात आहे आणि सगळे रागावलेले आहेत. करा सुरुवात.

मर्ना टॅट्रो बोस्टनच्या उत्तरेला डोंगरात असलेल्या आमच्या ऑर्डवे गावात हे काम दरवर्षी करायची.

ती या कामाला लागली तीसुद्धा एक गंमतच. आमच्याकडे गावातल्या घरांच्या किमती ठरवायला तिघे जण निवडून येतात, त्यांना लिस्टर म्हणतात. पगार नावापुरता आणि शिव्या पोटभर, म्हणून कुणी उभं राहत नाही. त्या वर्षी एक जागा रिकामी होती. मर्ना मागे स्वयंपाकघरात पाव गरम करत होती. कुणीतरी तिचं नाव पुकारलं, कुणीतरी अनुमोदन दिलं, सगळ्यांनी हो म्हटलं. ती पावांचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तू निवडून आलीस," तिचा नवरा लाइल म्हणाला.

"कशाला?"

"आता सगळ्यांच्या शिव्या खायला."

मर्ना त्याआधी शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. तो बंद पडला होता. बारावीपुढे ती शिकलेली नव्हती. पण काम अंगावर आलं तसं ती राजधानीला जाऊन राज्याच्या वर्गांना बसली, दोन हिवाळे वाचत राहिली, आणि तिला त्याची गोडीच लागली. माणूस जसा रेडिओ उघडून आतल्या तारा बघतो, तशी ती कर उघडून बघायची. पगारावरचा कर, दुकानातला कर, हॉटेलात जेवलं तर त्याचा, गाडीत तेल भरलं तर त्याचा. आमच्या राज्यात राहणारा माणूस वर्षभर थोडं थोडं देतच असतो, पण ते त्याला टोचत नाही. टोचते ती घरपट्टी, कारण ती एका लिफाफ्यात एकदम येते. आणि त्या घरपट्टीतला मोठा हिस्सा असतो शाळेचा. त्याला आमच्याकडे सगळे शाळापट्टीच म्हणतात.

मर्नाचा एक ठाम विश्वास होता. ती म्हणायची, "लोक पैशाला रडत नाहीत. कळत नाही म्हणून रडतात. अंधारात पायाला काही लागलं की माणूस आधी ओरडतो. दिवा लावला की म्हणतो, हात्तिच्या, खुर्ची होय."

म्हणून ती दिवा लावत बसायची. पट्टीचे लिफाफे आले की तिच्या स्वयंपाकघरात रांग लागायची. ती कॉफी ओतायची आणि समोरच्याच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊन त्याला समजवायची. ही तिची रीत. केस कापणारीला केसांच्या भाषेत, गवंड्याला विटांच्या. एकदा ड्वेन नावाचा लाकूडतोड्या चुरगळलेला कागद घेऊन आला आणि टेबलावर आपटून म्हणाला, "मी घराला साधा रंग दिला नाही. उलट ओसरी पडली. मग माझं घर महाग कसं झालं गं?"

"तुझ्या वरच्या अंगाचं घर बोस्टनवाल्यांनी घेतलं ना?"

"घेतलं. येड्यासारखे पैसे देऊन घेतलं."

"मग राज्य म्हणतं, तुमच्या गावातल्या किमती जुन्या झाल्या. तू लाकडाची गाडी गेल्या वर्षी काय भावाने दिलीस? आणि आता?"

"आता दीडपट."

"लाकूड बदललं?"

"लाकूड कशाला बदलेल?"

"मग तुझ्या अंगणात रचून ठेवलेली लाकडंही महागलीच की."

"पण ती मी विकणार नाहीये, मर्ना. जाळणार आहे."

मर्नाने कप खाली ठेवला. "हां. बरोब्बर तिथेच सगळं दुखणं आहे, ड्वेन."

तो कागद सरळ करत परत गेला. पट्टी एका पैशाने कमी झाली नव्हती, पण जाताना दार आपटलं नाही त्याने.

तिच्या प्रामाणिकपणाची गावात थट्टाही व्हायची. नदीपलीकडच्या राज्यात दुकानात कर लागत नाही, म्हणून आमच्याकडचे सगळे मोठी खरेदी तिकडे जाऊन करतात. त्या मालाचा कर घरी येऊन स्वतःहून आपल्या राज्याला भरायचा असतो. हे कायद्यात आहे, आणि कोण भरतं तेही सगळ्यांना माहीत आहे. लाइलने तिकडून यांत्रिक करवत आणली, तर मर्नाने त्याला फॉर्मात ती दाखवायला लावली.

"अख्ख्या राज्यात ही करवत दाखवणारा मी एकटाच गाढव असेन," तो सगळ्यांना सांगत सुटला.

"गाढव नाही," मर्ना म्हणायची, "रहिवासी."

आता डार्सीबद्दल सांगायला हवं. डार्सी ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती नवऱ्यासोबत मोठ्या शहरात राहायची, आणि त्यांची मुलगी ओपल तिथल्या मोठ्या शाळेत जायला लागल्यावर बोलेनाशी झाली. घरात पोपटासारखी बडबडायची. शाळेच्या दारात पाय ठेवला की ओठ शिवल्यासारखे. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले. सगळे म्हणाले, धीर धरा. शेवटी डार्सीने आईच्या जमिनीच्या कडेला ट्रेलरवर घालून एक तयार घर आणून टेकवलं आणि ओपलला ऑर्डवेच्या शाळेत घातलं.

आमची शाळा म्हणजे दोन खोल्या, दोन बाई, सहावीपर्यंत मिळून एकोणीस मुलं, आणि मागे कोंबड्यांचं खुराडं. सप्टेंबर गेला, ओपल गप्पच. ऑक्टोबरात एक दिवस मुलं कोंबड्यांना दाणे टाकायला गेली असताना ती मोठ्याने म्हणाली, "ही माझ्या बुटावर बसलीय!" बाई सांगतात, सगळी मुलं थबकली, आणि मग एक मुलगा अगदी सहज म्हणाला, "ती सगळ्यांच्याच बुटावर बसते." तेव्हापासून ओपल बोलायला लागली. मर्नाने ही गोष्ट पोस्टात सांगितली, पेट्रोलपंपावर सांगितली, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितली. ज्यांनी दोनदा ऐकली होती त्यांनाही सांगितली.

आणि त्याच हिवाळ्यात काही लोकांनी सह्या गोळा करून मार्चच्या सभेपुढे एक प्रश्न आणला. ऑर्डवेची शाळा बंद करून मुलांना डोंगरापलीकडे टॅनर मिल्सच्या शाळेत पाठवावं का?

टॅनर मिल्सची शाळा चांगली आहे. मोठी आहे, ग्रंथालय आहे, संगीताच्या बाई आहेत. पण ओपलसाठी ती पुन्हा तीच मोठी शाळा होती. डार्सीने आईला स्पष्ट सांगितलं, "ही शाळा बंद झाली तर आम्ही इथे राहणार नाही. जिथे लहान शाळा असेल तिथे जाऊ. मी तिला पुन्हा मुकी होऊ देणार नाही."

"बंद होणार नाही," मर्ना म्हणाली. "लोक रागाने सह्या करतात. पट्टी का वाढली ते कळलं की राग उतरतो. मी समजावून सांगेन ना."

"आई, या वर्षी तू बोलू नकोस. शाळा समितीवाले बोलतील."

"ते बोलले तर लोकांना झोप येते."

"येऊ दे की झोप. झोपलेली माणसं शाळा बंद करत नाहीत."

मर्ना हसली. पण तिने ऐकलं नाही. तिला मनापासून वाटत होतं, की समजलेला माणूस पोराबाळांच्या विरोधात हात वर करत नाही. त्याआधी एका वर्षी शाळेचा खर्च सभेने दोनदा नामंजूर केला होता आणि तिसऱ्यांदा मर्नाने उभं राहून समजावल्यावर मंजूर झाला होता. तिचा विश्वास हवेतला नव्हता. तो एकदा खरा ठरला होता.

उदाहरण कुठलं घ्यायचं, यावर ती पंधरवडाभर विचार करत होती. एकाच्या धंद्यातलं चालणार नव्हतं, अख्ख्या गावाला कळेल असं हवं होतं. आणि ते तिला मेपलच्या गुऱ्हाळात सापडलं.

फेब्रुवारी सरता सरता आमच्याकडे प्रत्येक घराला एकच काम लागतं. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि मेपलच्या खोडाला पाडलेल्या भोकांतून टांगलेल्या बादल्यांत रस ठिबकायला लागतो. पाण्यासारखा पातळ रस. तो काहिलीत ओतायचा, खाली चुलवण पेटवायचं आणि आटवत बसायचं. चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा बादलीभर काकवी निघते. टॅट्रोंची काहील गावातली सगळ्यात मोठी. लाइल वाफेत उभा राहून फेस काढत होता आणि मर्ना सरपण टाकत होती. मध्येच ती थांबली.

"लाइल, रस निम्मा असला तर सरपण निम्मं लागतं का?"

"छे. चुलवण तापायला लागतं तेवढं लागतंच. काहील काय रस मोजते?"

"मग निम्म्या रसाची काकवी महाग पडते."

"पडतेच. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"सापडलं," मर्ना म्हणाली.

तिने तिथेच त्याला सगळं समजावून दाखवलं. लाइलने हातातली पळी खाली ठेवून ऐकलं आणि म्हणाला, "तुझ्याशी लग्न करून इतकी वर्षं झाली, शाळापट्टी मला आज कळली." ती इतकी खूश झाली, की चुलवणात लाकूड टाकायचं विसरली आणि उकळी बसली.

सभेच्या दिवशी अध्यक्ष एमरीने लाकडी हातोडा आपटला. रस्त्यांचा खर्च मंजूर झाला, नवीन ट्रकवरून नेहमीचं भांडण झालं. मग शाळेचा प्रश्न वाचून दाखवला गेला, आणि एमरी म्हणाला, "मतदानाआधी मर्ना टॅट्रो पट्टीबद्दल दोन शब्द सांगतील. दोनच, मर्ना. राजमा गार होतोय."

लोक हसले. मर्ना उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

"शाळा म्हणजे काहील समजा," ती म्हणाली. "सरपण म्हणजे बाईंचे पगार, हीटरचं तेल, छपराची दुरुस्ती, शाळेची बस. आणि रस म्हणजे मुलं. यंदा आपल्या शाळा समितीने सरपण वाढवलेलं नाही. थोडं कमीच केलंय. कुणी चोरी केलेली नाही, कुणी उधळपट्टी केलेली नाही. पण रस कमी झाला. दोन मोठी कुटुंबं गाव सोडून गेली. आणि राज्य एकूण सरपण बघत नाही. राज्य विचारतं, एका बादली काकवीला सरपण किती जाळलं? म्हणजे एका मुलामागे खर्च किती? तो आकडा वर गेला की आपला दर वर जातो. म्हणून खर्च कमी होऊनही तुमची पट्टी वाढली."

बायकांच्या सुया थांबल्या होत्या. मागच्या रांगेतला ड्वेन मान हलवत होता. अख्ख्या सभेत "म्हणजे असं होय!" अशी एक झुळूक फिरली. मर्नाचा चेहरा उजळला. तिला तो क्षण ओळखता यायचा, दिवा लागल्याचा.

"आणि गावात आज पाच तान्ही पोरं आहेत," ती पुढे म्हणाली. "कोवळ्या मेपलला कुणी भोक पाडतं का? वाट बघतो आपण. तशी थोडी वर्षं वाट बघायची आहे. बस, एवढंच."

टाळ्या पडल्या. घरपट्टीच्या भाषणाला टाळ्या पडलेल्या मी आयुष्यात एकदाच ऐकल्यात.

मग पहिल्या रांगेतला हॉइट ब्लॉजेट काठीवर भार देत उठला. ऐंशीच्या पुढचा म्हातारा. याच शाळेत शिकलेला, याच गावाला रस आटवायला शिकवलेला. तो सभेत कधी बोलत नसे, म्हणून एमरीही जरा सावरून बसला.

"अध्यक्षमहोदय," हॉइट म्हणाला, "मी जन्मभर ही पट्टी भरतोय. आज पहिल्यांदा मला ती कळली. त्याबद्दल मी मर्नाचे आभार मानतो." त्याला दम लागत होता. "माझे पाय गेले तेव्हा मी निम्म्या बादल्या उतरवल्या. उरलेल्या रसासाठी मी माझं चुलवण पेटवलं नाही. एवढ्याशा रसाला मोठी काहील तापवली तर तळ करपतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी रस टाकीत भरला आणि टॅट्रोंकडे नेऊन ओतला. लाइलने तो आपल्या रसाबरोबर आटवला. गेली पंधरा वर्षं आटवतोय. मला कुणी म्हणालं नाही, की हॉइटने गुऱ्हाळ सोडलं." तो खाली बसायला लागला, आणि मग आठवल्यासारखं म्हणाला, "माझी काकवी पूर्वीपेक्षा चांगली होते, खरं सांगायचं तर."

लोक हसले. प्रेमाने हसले. आणि त्या हसण्यातच, आपली मुलंही टॅनर मिल्सच्या काहिलीत ओतता येतील, हे लोकांना पटलं. खुर्च्यांमधून हळूहळू ते पसरताना दिसत होतं. लोक एकमेकांकडे बघून मान हलवत होते, जसं एखादा हिशेब दोन्हीकडून जुळला की माणूस हलवतो. कुणी रागावलेलं नव्हतं. मर्नाने त्यांचा राग उतरवलाच होता.

मर्ना उभीच होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं. तिने हात वर केला, एमरीने "बोल मर्ना" म्हटलं, आणि ती नुसती उभी राहिली. तिच्या स्वतःच्या काहिलीत, तिच्या स्वतःच्या सरपणावर तिने हॉइटचा रस आटवला होता, दरवर्षी, आणि त्याचे पैसे घेतले नव्हते. आता ती काय म्हणणार होती, की शेजाऱ्याकडे रस नेणं चुकीचं आहे?

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

चिठ्ठ्यांनी मतदान झालं. लोक रांगेने गेले, लाकडी पेटीत कागद टाकले, परत येऊन बसले. ओपलच्या बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. एमरीने आकडे वाचले. फरक चांगलाच मोठा होता. शाळा जूनमध्ये बंद होणार होती.

मग जेवण. आमच्याकडे काहीही झालं तरी जेवण होतं. मर्ना नेहमीप्रमाणे राजम्याच्या पातेल्यामागे उभी राहिली, आणि रांगेतून ताटं घेऊन येणारा प्रत्येक जण तिला काही ना काही म्हणत गेला. "किती सोपं करून सांगितलंस गं!" "तू शिक्षिका व्हायला हवी होतीस." ड्वेन म्हणाला, "लाकडाच्या वेळी अर्धंच कळलं होतं, आज पुरं कळलं बघ." ती प्रत्येकाला पळीभर राजमा वाढत होती आणि "हो का," "बरं झालं" असं म्हणत होती.

सगळ्यात शेवटी हॉइट आला. त्याने ताट बाजूला ठेवलं आणि पातेल्यावरून तिचा हात धरला.

"पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुझी अडचण मला कळली होती. तुझी नात त्याच शाळेत. तू स्वतःच्या तोंडाने कशी म्हणणार, बंद करा म्हणून? पण तू इतकं सरळ मांडलंस, की मला तुझ्या मनातलं दिसलं. म्हणून मग मीच बोललो."

मर्नाने त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. त्याला खरंच वाटत होतं, की त्याने तिचं ओझं हलकं केलं.

"राजमा घे, हॉइट," ती म्हणाली. "गार होईल."

डार्सी जेवायला थांबली नव्हती. संध्याकाळी ती आईच्या स्वयंपाकघरात आली. कोट न काढताच उभी राहिली.

"मी तुला सांगितलं होतं."

"हो."

"तू गप्प बसली असतीस, तर निम्मे लोक नुसते कुरकुरले असते आणि निम्म्यांनी शाळेला मत दिलं असतं. दरवर्षी तेच तर होतं! कुणाला काही कळत नव्हतं, तोवर शाळा चालत होती ना?"

"डार्सी, मी खोटं काय बोलले?"

"काहीच नाही! खोटं बोलायला हवं होतंस, असं कुठे म्हणतेय मी?" डार्सी दाराकडे वळली आणि पुन्हा फिरली. "आई, माझी पोरगी रस आहे का गं?"

मर्ना खाली बसली. लाइल दारातून आत येत होता, तो तसाच मागे फिरला आणि गावाच्या रस्त्यांवरचं बर्फ ज्याने तो साफ करायचा तो ट्रक सुरू करून निघून गेला. त्या दिवशी बर्फ पडत नव्हतं, रस्त्यावर साफ करण्यासारखं काही नव्हतं. तरी तो बराच वेळ आला नाही.

जूनमध्ये मुलांनी कोंबड्या वाटून घेतल्या. ओपलला एक मिळाली. ऑगस्टमध्ये डार्सीचं घर जसं आलं होतं तसंच, ट्रेलरवर चढवून, रस्ता अडवत, पुढेमागे लाल झेंडे लावून निघून गेलं. ते लोक नदीपलीकडच्या राज्यात गेले, तीन तासांवरच्या एका गावात. तिथे दोन खोल्यांची शाळा अजून आहे. मर्नाने त्यांना सगळं समजावून दिलं. राज्य सोडताना कुठल्या तारखेपर्यंतचा कर इकडे, कुठल्या तारखेपासून तिकडे, जुन्या राज्याला कळवायचं कसं. त्या दिवसापासून डार्सी, तिचा नवरा आणि ओपल आमच्या राज्याचे रहिवासी राहिले नाहीत. हा शब्द मर्ना एरवी अभिमानाने वापरायची. त्या दिवशी तिने तो फॉर्मावरून नुसता वाचून दाखवला.

दर रविवारी फोन होतो. डार्सी सांगते, ओपल नव्या शाळेत बोलते, थोडं थोडं बोलते. पण फोनवर ती आजीशी बोलत नाही. डार्सी फोन तिच्या कानाला लावते. मर्नाला पलीकडून फक्त श्वास ऐकू येतो. मर्ना तिला कोंबडीबद्दल विचारते, मग आपणच उत्तर देते. कधी कधी दोघी तशाच बसतात, फोन कानाला लावून, बराच वेळ. लाइल म्हणतो, "अगं, ठेव आता." ती बोट ओठांवर ठेवते, की थांब, ती आहे अजून.

त्या शरद ऋतूत पट्टीचे लिफाफे आले. दर थोडा उतरला होता. फार नाही, कारण टेकडीवरची आणखी दोन घरं बाहेरच्यांनी येड्यासारखे पैसे देऊन घेतली होती, आणि बसचा खर्च होताच. तरी उतरला होता. लोक पूर्वीसारखेच मर्नाकडे आले. तिने कॉफी ओतली, आकड्यांवर बोट ठेवून समजावलं. फक्त आता ती कुणाच्या धंद्यातलं उदाहरण देत नव्हती. एकीने म्हटलंसुद्धा, "मर्ना, ते तुझं काहिलीसारखं काहीतरी सांग ना." मर्ना म्हणाली, "हे असंच आहे. याच्यासारखं दुसरं काही नाही."

हॉइट सगळ्यांच्या नंतर आला, काठी टेकत, कागद खिशात घालून. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "पोरी, मला नेहमीसारखं समजव."

तिने समजावलं. घराची किंमत ही, दर हा, तुझं उत्पन्न कमी म्हणून राज्याने दिलेली सूट ही. तो ऐकत होता, कान पुढे करून, शहाण्या मुलासारखा. सगळं संपल्यावर त्याने कागदाची घडी केली आणि खिडकीबाहेर बघितलं. तिथे गवतात एक चौकोन अजून पिवळा होता, डार्सीचं घर होतं तिथला.

"पोरं कशी आहेत?" त्याने विचारलं.

"बरी आहेत."

"ओपल?"

"बोलते."

"झालं तर मग," हॉइट म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं. "मी म्हटलंच होतं, पोरं कुठेही रुजतात. आपल्यालाच उगाच वाटतं."

मर्नाने त्याच्या कपात अजून कॉफी ओतली. एक प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. मार्चपासून तो रोज येत होता. सरपण रचताना, भांडी घासताना, रविवारी फोन ठेवल्यावर. अख्ख्या गावात त्याचं उत्तर देऊ शकणारा माणूस एकच होता, आणि तो तिच्या टेबलाशी बसून साखर ढवळत होता. पण विचारलं असतं तर हॉइटला कळलं असतं, की त्या दिवशी त्याला तिच्या मनातलं काहीच दिसलं नव्हतं. आणि मग ऐंशीच्या पुढचा तो म्हातारा आपल्या घरात एकटाच ते घेऊन बसला असता.

म्हणून तिने विचारलं नाही. तो गेला. ती दारात उभी राहून त्याला उतारावरून जाताना बघत राहिली.

पुढे एकदा हे सगळं मला सांगताना तिने तो प्रश्न मोठ्याने म्हटला. माझ्याकडून उत्तर नको होतं तिला, ते दिसतच होतं. ती म्हणाली, "मला एवढंच कळायला हवंय रे. त्या दिवशी मी उठलेच नसते, कुणाला काहीच समजावलं नसतं, तर हॉइट सकाळी घरातून निघताना कुठलं मत द्यायचं ठरवून निघाला होता?"